तबकड्या अमेरिकेला पाठवू नका

नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरून मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या खाली आल्या की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे "कॉपीराइटचं लफडं आहे, हात लावू नका." दुसरा, "अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाला देऊन टाका, तिथे नीट राहतील." अमेरिकेत राहूनही मला दोन्ही पटत नाहीत.

कायद्यात तर आपणच उदार आहोत. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. गायक द. वि. पलुस्कर नाशिकचेच, १९५५ मध्ये गेले. त्यांच्या हयातीत निघालेली शेवटची तबकडीसुद्धा २०१५ अखेर मोकळी झाली. याउलट १९५० मध्ये निघालेली अमेरिकन तबकडी इथे २०६० संपेपर्यंत अडकलेली! गीतकार-संगीतकाराचा हक्क मात्र वेगळा, मृत्यूनंतर ६० वर्षं. पारंपरिक बंदिशींना ती अडचण नाही.

इथून घ्यायची ती कामाची शिस्त. तबकडी स्पिरिटने पुसू नका, ती लाखेची असते आणि लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य द्रव साबणाचे दोन-चार थेंब टाकून मऊ ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं. एलपीची, म्हणजे नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्डची, सुई साधारण २५ मायक्रॉनची, ७८च्या खाचेला ७५च्या आसपासची लागते. बारीक सुई तळाच्या कचऱ्यात घासत जाते, खरखर येते आणि चांगली रेकॉर्ड 'गेली' म्हणून भंगारात जाते.

वेगाचं तर कुणी बघतच नाही. १९२५ पूर्वीच्या कित्येक तबकड्या ७८वर नाहीतच. ७६ची तबकडी ८०ने फिरवली तर काळी एकचा गवई जवळजवळ अर्धा स्वर चढून पांढरी दोनला गाऊ लागतो, आणि मग त्यावरून घराण्याच्या गायकीबद्दल लेख लिहिले जातात. हल्लीच्या प्रीअँपमधलं (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रातलं) आरआयएए इक्वलायझेशन, म्हणजे खर्ज आणि वरचा आवाज ठरावीक प्रमाणात वाढवण्या-दाबण्याचं गणित, १९५४ नंतरचं. जुन्या तबकडीला ते लावलं की वरचा आवाज दबतो, खर्ज फुगतो. म्हणून मूळ फाइल फ्लॅट, म्हणजे असं कुठलंही इक्वलायझेशन न लावता, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्यावी आणि खरखर काढायची ती तिच्या प्रतीवर. लेबलाचा फोटो आणि लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाचा कंपनीने दिलेला क्रमांक) विसरला, तर पुढे ते गाणं कुठल्या वेळी केलेलं मुद्रण, म्हणजे कुठला टेक, हे ओळखता येत नाही.

एवढं काम नाशिकच्या १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी एका खोलीत होईल. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना मदतच करायची असेल, तर तबकड्या बॅगेत भरून नेण्याऐवजी येताना ७८ची सुई आणावी.