किराण्यातली खसखस कुंडीत पेरू नका : पॉपीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या मोबाइल गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. वर लाल पॉपीच्या ताटव्याचे छायाचित्र आणि खाली कृती. मजकूर थोडक्यात असा : ‘स्वयंपाकघरातली चमचाभर खसखस रात्रभर गरम पाण्यात भिजवा. पहिला पाऊस पडला की ती कुंडीत टाकून वर बोटभर माती लोटा, भरपूर शेणखत घाला. रोपे चार बोटे झाली की उपटून वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. चाळीस दिवसांत गॅलरी फुलांनी भरेल, बी आपोआप पडेल आणि दरवर्षी फुले येत राहतील. खसखस वाण्याकडे मिळते, त्यामुळे परवानगीचा प्रश्नच नाही.’

मुलुंडमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मी बरीच वर्षे हिवाळी फुलझाडे लावत आलो आहे आणि त्यांत पॉपी मला सर्वांत प्रिय आहे. म्हणूनच हा संदेश वाचून स्वस्थ बसवले नाही. त्यातली जवळजवळ प्रत्येक सूचना चुकीची आहे. शेवटचे वाक्य तर माणसाला विनाकारण गुन्ह्यात ओढणारे आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

अनारसे ज्या खसखशीवर थापतात, ती खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. हे झाडही पॉपीचीच एक जात; तिचे शास्त्रीय नाव पापाव्हर सोम्निफेरम. बियांमध्ये अफू नसते. अफू म्हणजे कच्च्या बोंडाला चीर दिल्यावर पाझरणारा चीक. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस कायदा म्हणतात, त्यानेही हा फरक मानला आहे. कापणीनंतरच्या झाडाच्या भागांची व्याख्या करताना कायद्याने बी स्पष्टपणे वगळले आहे, आणि म्हणूनच खसखस वाण्याकडे उघडपणे मिळते. पण त्याच कायद्याचे कलम ८ परवान्याशिवाय अफूच्या झाडाची लागवड करण्यास मनाई करते. बी विकत घेणे वेगळे आणि ते रुजवून झाड वाढवणे वेगळे, हे संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेले नाही. वाण्याकडे मिळते म्हणून पेरायला हरकत नाही, हा तर्क इतका सरळ वाटतो की तो खोटा असल्याची शंकाही येत नाही. त्याचा धोका नेमका तिथेच आहे.

हौसेखातर दोन-चार रोपे लावली तर काय होणार, असे कोणी म्हणेल. कलम ८ मध्ये कुंडी आणि शेत असा भेद केलेला नाही. कलम १८ मधील शिक्षा प्रमाणानुसार ठरते आणि ती अनेक वर्षांच्या सश्रम कारावासापर्यंत जाऊ शकते. शिवाय कलम ३५ नुसार आरोपीचा हेतू गृहीत धरला जातो. ‘मला ठाऊक नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार त्याच्याच डोक्यावर येतो. आपल्या देशात अफूची परवानाधारक शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक पट्ट्यांतच होते. नीमच, मंदसौर, चित्तोडगड ही त्यांतली ओळखीची नावे. परवाने केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो देते आणि तिचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. महाराष्ट्र या पट्ट्यांत येत नाही. २०१२ साली बीड जिल्ह्यात खसखशीच्या पिकावर पोलिसांनी कारवाई केली होती, हे अनेकांना आठवत असेल.

आता याची दुसरी बाजू. हा धोका कळलेल्या काहींनी उलट टोक गाठले आणि ‘पॉपी म्हणजे अफू, सगळी उपटून टाका’ असे उत्तर पाठवायला सुरुवात केली. तेही बरोबर नाही. छायाचित्रातली लाल फुले अफूची नसून पापाव्हर ऱ्हिअस या जातीची, म्हणजे युरोपातल्या गव्हाच्या शेतांत तणासारख्या उगवणाऱ्या पॉपीची आहेत. हिच्यात मॉर्फीन, म्हणजे अफूतले मुख्य गुंगीकारक द्रव्य, नसते. कायद्यातील व्याख्या सोम्निफेरम या जातीपुरती आणि अफू देणाऱ्या ज्या इतर जाती केंद्र सरकार अधिसूचित करील त्यांच्यापुरती आहे. इंग्लंडमधील शर्ली या गावचे धर्मगुरू विल्यम विल्क्स यांना १८८० मध्ये आपल्या बागेच्या कडेला पांढरी किनार असलेले एक रानपॉपीचे फूल दिसले. त्याचे बी राखून, वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी गुलाबी, पांढऱ्या आणि फिकट रंगांची जी मालिका तयार केली, तीच आज ‘शर्ली पॉपी’ म्हणून पाकिटांतून विकली जाते. कुंडीसाठी घ्यावी ती ही.

दोन्ही झाडे ओळखणे अवघड नाही. ऱ्हिअसची पाने हिरवी, खोल कातरलेली आणि केसाळ असतात. देठावर आणि कळीवरही ताठ लव असते, आणि बोंड लहान राहते. सोम्निफेरमची पाने निळसर राखाडी, मेणचट, जवळजवळ बिनकेसांची असतात आणि वरची पाने देठाला मिठी मारल्यासारखी चिकटलेली असतात. बोंड मोठे आणि गोल भरते. पण झाड उगवेपर्यंत थांबण्यापेक्षा पाकीट वाचणे शहाणपणाचे. ‘पिओनी पॉपी’, ‘लेट्यूस पॉपी’, ‘ब्रेडसीड पॉपी’ ही मोहक नावे सोम्निफेरमचीच आहेत आणि ऑनलाइन विक्रीत ती सर्रास दिसतात. पाकिटावर शास्त्रीय नाव नसेल तर ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटावर नुसते ‘मिश्र पॉपी’ असे छापलेले होते. त्यातून उगवलेल्या रोपांपैकी काहींची पाने राखाडी आणि मेणचट निघाली, तेव्हा ती मी त्याच दिवशी मुळासकट काढून नष्ट केली.

जातीचा प्रश्न सुटल्यावर दुसरी मोठी चूक हंगामाची. पॉपी हे थंडीचे झाड आहे. साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात बी उत्तम रुजते आणि उष्मा वाढला की उगवण झपाट्याने घटते. मुंबईत पहिला पाऊस जूनमध्ये येतो. तेव्हा रात्रीचे तापमानही २५ अंशांच्या वर असते आणि पुढचे चार महिने कुंडीतली माती नीट वाळत नाही. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. धुळीच्या कणाएवढे बी या माऱ्यात एक तर कुंडीच्या भोकातून वाहून जाते किंवा कुजते. एखादे उगवलेच तर मातीलगतच त्याचा देठ सडून रोप आडवे पडते. नर्सरीवाले याला ‘मर’ म्हणतात. पावसाळा म्हणजे पेरणी हे समीकरण आपल्या मनात भात आणि भाजीपाल्यामुळे पक्के बसलेले आहे. पॉपीच्या बाबतीत मात्र आपण रब्बीचा विचार करायला हवा, गहू-हरभऱ्याच्या सोबतीने.

ऑक्टोबरचा उकाडाही जाऊ द्यावा. दिवाळी आटोपली, पहाटे पंखा एक आकडा कमी करावासा वाटू लागला, की पेरणीची वेळ झाली असे मी मानतो. म्हणजे साधारण नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा पहिला आठवडा. जानेवारीत सांताक्रूझचे सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास येते. कुलाब्याला समुद्रामुळे रात्री त्याहून उबदार राहतात, त्यामुळे मुलुंड, बोरिवली, ठाणे या बाजूच्या लोकांना फोर्ट-कुलाब्यापेक्षा थोडे अधिक यश मिळते. इथल्या दुपारी हिवाळ्यातही ३० अंशांच्या घरात असतात, म्हणून मुंबईचे रोप पुण्या-नाशिकच्या रोपाइतके उंच आणि डेरेदार होणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गुडघ्याखालचे रोप आणि त्यावर एका वेळी तीन-चार फुले एवढी अपेक्षा ठेवावी.

गरम पाण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. गोकर्णीसारख्या कठीण कवचाच्या बियांना भिजवण्याचा उपयोग होतो. पॉपीच्या बीला तसे कवच नसते. भिजवले की बिया एकमेकींना चिकटतात आणि गोळ्यानेच पडतात, एवढेच होते.

‘वर बोटभर माती’ ही सूचना मात्र अधिक खोलात जाऊन तपासण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे उत्तम बीसुद्धा वाया जाते आणि दोष लावणाऱ्याच्या हाताला येतो. पॉपीच्या बीला रुजण्यासाठी उजेड हवा असतो. ते खाली गाडले गेले तर झोपून राहते, आणि कित्येक वर्षे झोपू शकते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी जमीन उलथीपालथी झाली, तेव्हा बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या रणभूमीवर ही लाल फुले अचानक दाटून आली, ती याच गुणामुळे. जमिनीत दडलेले बी वर आले, त्याला उजेड लाभला आणि ते रुजले. स्मरणचिन्ह म्हणून छातीवर लावायची कागदी पॉपी तिथूनच आली. आपण कुंडीत वर माती लोटतो तेव्हा याच्या नेमके उलटे करतो. शिवाय एवढ्याशा बीमध्ये साठलेले अन्नही इतके थोडे असते की बोटभर माती भेदून वर येण्याचे बळ त्याच्यात नसते.

त्याऐवजी असे करावे. कुंडीतली माती आधी भिजवून पाणी निथळू द्यावे. चिमूटभर बी मूठभर कोरड्या बारीक रेतीत मिसळावे आणि मीठ भुरभुरावे तसे वर भुरभुरावे, तळहाताने हलके दाबावे आणि तसेच उघडे ठेवावे. वरून झारीने पाणी घालू नये. कुंडी पाण्याच्या ताटात ठेवावी म्हणजे माती खालून ओल शोषून घेते, किंवा बारीक फवारा द्यावा. उगवण एक ते दोन आठवड्यांत दिसते. तोवर कबुतरांपासून जपावे. ती भुसभुशीत माती उकरायला टपलेलीच असतात, म्हणून कुंडीवर जाळी हवीच.

रोपे उपटून दुसरीकडे लावणे, हा सल्ला झेंडूला आणि मिरचीला लागू पडतो. पॉपीला सोटमूळ असते. ते सरळ खाली जाते, त्याला बाजूचे तंतू थोडे असतात, आणि ते दुखावले की रोप मान टाकते. बी कायमच्या जागीच पेरावे. दाट उगवलेली रोपे उपटली तर शेजारच्यांची मुळे हलतात, म्हणून मी ती लहान कात्रीने मातीलगत कापतो आणि बारा इंची कुंडीत तीनच ठेवतो. मन धजत नाही, हे खरे; पण गर्दीत वाढलेली सगळीच रोपे काटकुळी राहतात. जागा बदलायचीच असेल तर कागदी पेल्यात पेरून, दोन-चार पाने येताच पेल्यासकट मातीत ठेवावे.

खताचेही तसेच आहे. ही मूळची पडीक आणि नांगरलेल्या रानांतली वनस्पती. लाल माती, एक तृतीयांश रेती आणि ओंजळभर जुने गांडूळखत तिला पुरते. भरपूर शेणखत घातले की पाने माजतात, देठ लुळे पडतात आणि फूल मागे राहते. ऊन मात्र रोज पाच-सहा तास हवे. उत्तरेच्या गॅलरीत हा खटाटोप करू नये.

चाळीस दिवसांचा वायदाही खोटा आहे. उगवणीपासून फुलापर्यंत साधारण दोन ते तीन महिने लागतात, म्हणजे नोव्हेंबरच्या पेरणीची फुले जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत, राणीच्या बागेतल्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास येतात. कळी बरेच दिवस मान खाली घालून असते. नवख्यांना वाटते की रोप कोमेजले, आणि ते पाणी वाढवतात. पाणी वाढवू नये. फुलण्याच्या आदल्या दिवशी देठ आपोआप ताठ होतो, दोन केसाळ कवचे गळून पडतात आणि चुरगळलेल्या रेशमासारख्या चार पाकळ्या उलगडतात. एक फूल एक-दोन दिवसच टिकते, पण कळ्या येत राहतात. ज्यांना इतका नाजूक कारभार नको त्यांनी कॅलिफोर्निया पॉपी लावावी. ती याच कुळातली पण वेगळ्या वंशाची आहे, केशरी फुलांची आहे आणि ऊन व कोरडेपणा अधिक सोसते. आइसलँड पॉपीच्या मात्र मुंबईत नादी लागू नये. तिला लागणारी थंडी इथे पडत नाही.

राहिले ‘दरवर्षी आपोआप’. मार्चच्या उन्हात रोप वाळते आणि बोंडाच्या टोपीखालची बारीक छिद्रे उघडतात. कुंडीत सांडलेले बी जूनपासूनच्या पावसात टिकेल यावर विसंबू नये. बोंड तपकिरी होऊन खुळखुळू लागले की कापून कागदी पाकिटात उलटे करावे, पाकिटावर जात आणि साल लिहावे, आणि ते घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत नोव्हेंबरपर्यंत ठेवून द्यावे.