कसलं रिफ्रेशर अन् कसलं काय

"मॅडम, प्रिस्क्रिप्शनमध्ये ढवळाढवळ करणं हे आपलं काम नाही."

हे मला परवाच्या रविवारी भर हॉलमध्ये माइकवरून ऐकवलं. कुणी? आम्हा फार्मासिस्टांच्या रिफ्रेशर कोर्सला ज्यांना 'क्लिनिकल ड्रग थेरपी', म्हणजे पेशंटला औषधं कशी द्यायची ते, शिकवायला बोलावलं होतं त्यांनीच!

कार्यक्रम साडेनऊचा. समई पेटली पावणेबाराला. आधी पाहुण्यांची वाट, मग पाहुण्यांचा परिचय, मग ज्यांनी परिचय करून दिला त्यांचा परिचय. बाहेर त्रेचाळीस डिग्री, एसी बंद, आणि स्टेजवर एकेकाच्या खांद्यावर सोलापुरी चादर. माणसं घामाघूम होऊन हसतायत. टाळ्या वाजवून वाजवून आमचे हात दुखले.

मग पहिली स्लाइड. 'औषध म्हणजे काय?' अहो, हॉलमधल्या निम्म्या लोकांचे केस काउंटरमागे पांढरे झालेत. पुढची स्लाइड, शेड्यूल एच-वनचं, म्हणजे ज्या औषधांच्या विक्रीची नोंद ठेवावीच लागते त्यांचं, रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवा. ते 2014 पासून भरतोय की आम्ही! आणि सगळं जसंच्या तसं वाचून दाखवत होते, पाठ आमच्याकडे, तोंड पडद्याकडे. स्लाइड वाचून दाखवणाऱ्या माणसाला बघितलं की माझं डोकंच फिरतं. डॉक्टरांचं अक्षर वाचणारी माणसं आहोत आम्ही, तुमचं छापील आम्हाला वाचता येणार नाही होय?

तरी गप्प बसले होते. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मी हात वर केला. म्हटलं, सर, माझ्याकडे नेहमी येणारी केस सांगते. पासष्टीचे आजोबा, बीपीला टेल्मिसार्टन आणि त्यातच हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीची गोळी. गुडघा दुखतो म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, तिथून असिक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नाही. त्यात आमचा उन्हाळा, म्हातारा माणूस दिवसभर पाणी पीत नाही. दुखण्याच्या गोळीनं किडनीत जाणारी रक्तवाहिनी आवळते, टेल्मिसार्टननं बाहेर पडणारी सैल होते, लघवीच्या गोळीनं अंगातलं पाणी उतरतं. तिन्ही एकदम म्हणजे किडनीची वाट. हे पुस्तकात आहे, मला माहीत आहे. मला हवं होतं ते पुढचं. काउंटरवर उभं राहून पेशंटला घाबरवून न सोडता काय सांगायचं? कुठल्या डॉक्टरांना आधी फोन करायचा? क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कधी बघायला सांगायचं? लघवी कमी झाली तर किती वेळ थांबायचं?

त्यावर ते वरचं वाक्य.

वर एक हसू. "तुम्ही फारच सीरियस घेताय मॅडम." मागच्या रांगेतून दोन-तीन जण हसले. आणि लगेच संयोजक उठले, म्हणे वेळेअभावी प्रश्न इथेच थांबवू, जेवण गार होतंय.

ढवळाढवळ! मी गोळी बदलते म्हटलं का? 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की पेशंटशी बोला, डोस सांगा, दुष्परिणाम सांगा, कुठली औषधं एकमेकांत भांडतात ते सांगा, डोस चुकला तर काय करायचं ते सांगा. पाच वर्षांत निदान दोन रिफ्रेशर करा, हेही त्यातच. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर आम्हाला रविवारी तिथं बसवलं, त्याच कागदातलं काम विचारलं तर ढवळाढवळ. मग दिवसभर शिकवत काय होता हो तुम्ही?

माझ्याकडे आमवाताची एक आजी येते, विडी कामगार. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. चिठ्ठीवर ते 'एकदा' अशा कोपऱ्यात खरडलेलं की घरच्यांनी रोज द्यायची समजून रिकामी डबीसुद्धा धुऊन ठेवली होती. रोज गेली असती तर तोंडात फोड, रक्तातल्या पेशी खाली, काहीही झालं असतं. मी मार्करनं पाकिटावर मोठ्ठं 'सोमवार' लिहिलं, सुनेला बोलावून तिच्याकडून तेलुगूत 'सोमवारम मात्रमे', म्हणजे फक्त सोमवारी, असं तीनदा म्हणून घेतलं, आणि फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या रंगाच्या पाकिटात वेगळ्या वाराला दिली. ही ढवळाढवळच ना सर? चालू राहणार.

आणि यांना आम्ही कोण वाटतो ते ठाऊक आहे. मेडिकलवाली. गिऱ्हाईक येतं, "ती पांढरी गोळी द्या, मागच्या वेळची." बया, निम्मं दुकान पांढऱ्या गोळ्यांचं आहे. दुसरा स्ट्रिप कापून मागतो, तीही नेमकी एक्सपायरी छापलेल्या बाजूनं. तिसरा मोबाइल नाचवतो, ऑनलाइन वीस टक्के कमी आहे म्हणून. घे की मग तिथून, आणि रात्री अकराला पोराला ताप चढला की त्या ॲपचंच शटर वाजव. वर रविवारीच नळाला पाणी येणार होतं. चार दिवसांनी आलेलं पाणी सोडून मी 'औषध म्हणजे काय' ऐकत बसले.

बरं, जाताना माझा थाट काय होता? नवीकोरी वही. तीन रंगांची पेनं, इंटरॅक्शन लाल, डोस निळा, बाकी हिरवं. पहिल्या रांगेत बसलेली, शाळेत बाईंना गृहपाठाची आठवण करून देणारी असते ना एक, तशी. घरी येऊन वही उघडली तर त्यात काय, तारीख, वक्त्यांचं नाव (स्पेलिंगसह), आणि पोरीसाठी काढलेलं मांजर. लाल पेनाचं टोपणसुद्धा उघडलेलं नाही. फुकट मिळालेली औषध कंपनीची पिशवी मात्र चांगली आहे, त्यात मेथी छान मावते.

शेवटी परीक्षा. बहुपर्यायी. फार्मसी कायदा कोणत्या वर्षीचा? संयोजकच माइकवरून "अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस" म्हणून गेले. सगळे पास, सर्टिफिकेट वाटप, आणि मग ग्रुप फोटो. प्रश्नांना वेळ नव्हता, फोटोला होता. उंच माणसं मागे, पाहुणे मधे, महिला पुढे, पुन्हा एकदा, डोळे मिटले, अजून एकदा.

संध्याकाळी माझ्या मैत्रिणीला फोन लावला, फार्म-डी (फार्मसीतली डॉक्टरेट पदवी) केलेली, पुण्यात हॉस्पिटलमध्ये वॉर्डात फिरते. तिनं भाजी फोडणीला टाकता टाकता सगळं सांगितलं. आधी दुखण्याची गोळी लिहिणाऱ्यालाच फोन कर, बीपीची गोळी पेशंटला आपल्या मनानं बंद करू देऊ नकोस, पॅरासिटामॉल चालेल का ते विचार, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही सुचव, उलट्या-जुलाब झाले किंवा लघवी कमी झाली तर थांबू नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठव. झालं. चादर नाही, समई नाही.

लाल पेनानं लिहून घेतलं. पुढच्या वेळी हिलाच बोलवा म्हणून संयोजकांना मेसेज टाकलाय. त्यांचं उत्तर आलं, हात जोडलेली इमोजी आणि ग्रुप फोटो. माझे डोळे मिटलेले आहेत.