मी आणि न पाहिलेला दूधसागर

मी गाडीतून दूधसागर धबधबा पाहिलेला नाही, असं म्हटलं की लोक माझ्याकडे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघता परतलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. त्यातून माझा जन्म गोव्यातल्या कुडचड्याचा, घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर आणि सासुरवाडी बेळगावची! (स्थळ दूधसागरवरून जाणाऱ्या लोंढ्याच्या लाइनवरचं म्हणून मी होकार दिला, असं बायको अजून म्हणते. मी अजून नाही म्हटलेलं नाही.)

दोष सगळा कुळे स्टेशनाचा.

आमच्या बाजूनं कुळ्याला पोचलं की सपाटी संपते. पुढं कर्नाटकातल्या कॅसलरॉकपर्यंत घाट, आणि चढ असा की गाडी ३७ फूट पुढं सरकली की १ फूट वर चढलेली असते. एकट्या इंजिनाच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून कुळ्याला गाडीच्या ढुंगणाला आणखी इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढचं ओढतं, मागची ढकलतात. आमच्या एकत्र कुटुंबासारखंच, फक्त इथं सगळे एकाच दिशेनं जोर लावतात.

लहानपणी आजोबा मला हा सोहळा दाखवायला न्यायचे. पोर्तुगीज राजवटीत याच कुळ्याला ट्रंका उघडून तपासणी व्हायची, पुढं कॅसलरॉकला इंग्रजांची. 'एका सदऱ्याच्या दोनदा घड्या मोडायच्या,' असं ते सांगायचे आणि तेव्हाची चीड काढायला बाकड्यावर हात आपटायचे. मला सदऱ्याचं काही नव्हतं, मी बँकरकडे बघत असायचो. मीटर गेज गेलं, ब्रॉड गेज आलं, आजोबा गेले. माझं बघणं चालूच राहिलं.

आता व्हायचं असं की गाडी कुळ्याला थांबली की मी उतरतो. बायको म्हणते, "अहो, कुठं निघालात? गाडी सुटेल!" मी म्हणतो, "चहा आणतो." चहा निमित्त. मी शेवटच्या डब्याकडे सुटतो. कपलिंग अडकवणारा माणूस रुळांत उतरतो, हात हलवतो, इंजिन अंगुळभर पुढं येतं, 'खट्ट'. त्या 'खट्ट'साठी मी बायकोच्या हातचं खोबरं घातलेलं शिरवाळंसुद्धा सोडीन.

पण नेमकं तिथंच घात होतो. गाडी हलते आणि मी सापडेल त्या डब्यात चढतो, म्हणजे शेवटच्या. आमची जागा पुढं एस-दोनला. हातात चहाचे दोन कप, पायाखाली लोकांच्या बॅगा, त्यात बोगदे! प्रत्येक बोगद्यात पोरं किंचाळतात आणि प्रत्येक बोगद्यात माझा अर्धा कप कुणाच्या तरी चादरीवर जातो. चार डबे ओलांडेपर्यंत एकदम आरडाओरडा होतो, "आला, आला!" अख्खी गाडी एका बाजूला धावते. मला दिसतात ते फक्त पाठमोरे शर्ट. एकदा एका शर्टाच्या काखेतून काहीतरी पांढरं दिसलं होतं. तो टॉवेल निघाला.

जागेवर पोचेपर्यंत धबधबा मागं गेलेला. बायको शांतपणे विचारते, "चहा?" मी कपातला बोगद्यांनी उरवलेला घोट पुढं करतो. समोरचे दिल्लीला चाललेले गृहस्थ मोबाइलवर मला दूधसागर दाखवतात. गोवेकराला! मी "वा, छान" म्हणतो.

गेल्या डिसेंबरात बायकोनं निश्चय केला, आता जीपनं. जीप कुळ्याहूनच जंगलात जाते, हा तिच्या योजनेतला एकमेव दोष. सकाळी लाइफ जॅकेटं चढवून आम्ही रांगेत उभे होतो. आमचा नंबर पुकारला आणि त्याच क्षणी स्टेशनाकडून भोंगा आला. दोन भोंगे. एक पुढचा, एक मागचा.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, माझं जॅकेट काढून घेतलं आणि म्हणाली, "जा. येताना चहा तरी भरलेला आणा."