परदेशातून : अँटिगनीची मूठमाती

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून सांगलीला फोन केला की मामांशी बोलताना एक विषय हटकून निघतो. मामा निवृत्त शिक्षक आहेत. आपलीच भाषा आता अभिजात ठरली असताना कॉलेजातल्या मुलांच्या माथी ग्रीकांची नाटके कशाला मारायची, असे त्यांचे म्हणणे. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्या गावच्या मुलांनी आधी आपले नाटक वाचावे. माझी मामेबहीण कॉलेजात शिकवते आणि ग्रीक शोकांतिका अभ्यासक्रमातून काढू नये, असे तिला तितक्याच तळमळीने वाटते. गेली दीड वर्षे मी इंग्लंडमध्ये साहित्य शिकतो आहे. वाचणाऱ्या मुलाच्या मनात त्या नाटकाने काय हलवले, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही, याचे मला वाईट वाटते.

ग्रीक नाटककार सॉफोक्लिसचे ‘अँटिगनी’ मी प्रथम वाचले ते पदवीच्या वर्गात, आणि खरे सांगायचे तर गाईडमधूनच. प्रश्न ठरलेला होता, शोकांतिकेच्या नायकाचा स्वभावदोष स्पष्ट करा. आणि उत्तरही ठरलेले होते, राजा क्रेऑनचा अहंकार. अ‍ॅरिस्टॉटलने वापरलेला ‘हामार्तिया’ हा शब्द नेम चुकण्याशी नाते सांगतो आणि ‘स्वभावदोष’ हे त्याचे फार अपुरे भाषांतर आहे, हे मला इथे आल्यावर कळले. ‘मला असे वाटते’ हे शब्द उत्तरपत्रिकेत लिहायचे नाहीत, अशी आम्हाला सक्त ताकीद होती.

दुसऱ्यांदा ते वाचले इथल्या वसतिगृहात, एका रात्रीत. दोन भाऊ थीब्ज या ग्रीक नगराच्या सत्तेसाठी लढून एकमेकांच्या हातून मरतात. राजा क्रेऑन एकाला सन्मानाने पुरतो आणि दुसऱ्याचे, पॉलिनायसिसचे, प्रेत उघड्यावर टाकण्याचा हुकूम काढतो. बहीण अँटिगनी तो हुकूम मोडते. पहारेकरी राजाला येऊन सांगतो, की प्रेत पुरलेले नाही, त्याच्यावर फक्त मातीचा पातळ थर आहे, जणू कोणीतरी दोष लागू नये म्हणून टाकलेला. तिथे मी थांबलो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शेजारचे आजोबा वारले. कृष्णेचे घाट पाण्याखाली होते आणि रस्ते बंद झाले होते. दोन दिवस त्यांचा मुलगा दारात उभा राहून, येईल त्याला, ‘वाट मोकळी झाली का?’ एवढेच विचारत होता. तेव्हा मी बारावीत होतो आणि त्याच्या नजरेला नजर देणे मला जमले नव्हते.

पहारेकऱ्याचे ते वाक्य इंग्रजीत वाचताना मनात शब्द उमटला तो ‘मूठमाती’. पुढे अँटिगनी पकडली जाते तेव्हा तिने पुन्हा हातांनी माती आणलेली असते आणि पितळी झारीतून प्रेतावर तीनदा धार धरलेली असते. तिलांजलीच्या तीन ओंजळी मी घाटावर कितीदा पाहिल्या आहेत. मूठमाती आणि तिलांजली हे दोन्ही शब्द आपण आता एखादी गोष्ट कायमची सोडून देण्यासाठी वापरतो. अँटिगनी मात्र भावाला सोडायचे नाही, म्हणूनच त्याला मूठमाती देते.

वर्गात चर्चा चालली होती ती कायदा आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्यावर. मी पुराची गोष्ट सांगितली तेव्हा प्राध्यापिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, संहितेत हे कुठे दिसते ते दाखव. मी वरच्या दोन जागा दाखवल्या. स्वतःला जे वाटले ते सांगण्याची मुभा आणि त्याचा पुरावा देण्याची सक्ती, या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत मिळाव्यात, हे मला गावी कधी अनुभवायला मिळाले नव्हते.

तरीही इथले सगळेच सरस आहे, असे मी म्हणणार नाही. माझ्या वर्गातले अनेकजण मत चटकन देतात, पण प्रसंगांचा क्रम त्यांना आठवत नाही. गाईडच्या घोकंपट्टीने तो माझ्या डोक्यात पक्का बसवला होता आणि तिचे हे ऋण मी मानतो. क्रेऑनने अँटिगनीला शिक्षा म्हणून गुहेत जिवंत कोंडलेले असते. आधी मुलीला गुहेतून सोडव, मग मृताचे थडगे बांध, असे कोरस, म्हणजे नाटकातला वृद्ध नागरिकांचा समूह, क्रेऑनला सांगतो. क्रेऑन उलट करतो. तो आधी पॉलिनायसिसचे संस्कार करतो आणि गुहेशी पोचेपर्यंत अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. पाठोपाठ त्याचा मुलगा आणि अँटिगनीचा वाग्दत्त वर हेमन आणि बायको युरिडिसी जीव देतात. इतके दिवस अडवलेली मूठमाती तो घाईने देतो आणि त्या घाईतच जिवंत माणसे त्याच्या हातून निसटतात, हे मला क्रम पाठ होता म्हणूनच दिसले.

मामांना मी एवढेच सुचवले, की सांगलीशेजारच्या हरिपूरच्या नाटककार गो. ब. देवलांना परक्या शोकांतिकेचे ओझे झाले नव्हते. त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ १८९० साली केला आणि ‘शारदा’ १८९९ साली लिहिले. मामा त्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्या पहारेकऱ्याचं बोलणं मराठीत लिहून पाठव बघू.’ गेला आठवडाभर मी त्यावर बसलो आहे. शब्दकोशाप्रमाणे तिथे ‘धूळ’ हवे. मी ते तीनदा लिहून खोडले आणि शेवटी ‘माती’ ठेवून कागद मामांना पाठवला.