नोंद शून्य म्हणजे चूक शून्य नव्हे

'भीती असेल तरच काम चोख होतं' हा फॉरवर्ड महिन्याभरात मला चार ग्रुपवर आला. सोडून दिला. पाचव्यांदा तो धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, हे वाचून आमच्याकडे बोर्ड लावलाय." ती एका खासगी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. कोणत्या वॉर्डात किती चुका झाल्या ते दर महिन्याला बोर्डावर लिहायचं आणि ज्या वॉर्डाचा आकडा मोठा, त्याच्या इन्चार्जने सगळ्यांसमोर उभं राहून जाब द्यायचा. आता गप्प बसणं शक्य नाही.

त्या फॉरवर्डमधला सगळ्यात घातक मुद्दा हा: 'आकडे खोटं बोलत नाहीत. जिथे चुका जास्त, तो विभाग वाईट.'

अहो, बोर्डावर येतात त्या नोंदवलेल्या चुका. झालेल्या किती, ते त्यावरून कळत नाही. एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या आठ युनिटमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. तो अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या टीमकडून चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. निघालं उलटंच. ज्या टीम चांगल्या, त्यांच्याच नावावर जास्त चुका. युनिटायुनिटांत फरक जवळपास दहापट! मग ज्याला हे आकडे ठाऊकच नव्हते अशा सहकाऱ्याला निरीक्षणासाठी पाठवलं, तेव्हा उलगडा झाला. काही युनिटमध्ये नर्स चूक उघड सांगत होत्या, तिच्यावर चर्चा होत होती. बाकीच्या ठिकाणी बोलणारीला फैलावर घेतलं जाई, म्हणून तोंडं बंद.

आता बहिणीच्या वॉर्डात बघा. डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम क्लोराइड, दोन्हींच्या दहा मिलीच्या प्लास्टिक ॲम्प्यूल (छोट्या सीलबंद कुप्या) एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी. आत दोन्हीकडे पाण्यासारखंच दिसणारं द्रव. पहाटे चारला अँटिबायोटिक विरघळवायला एका नवख्या सिस्टरने पोटॅशियमची ॲम्प्यूल उचलली. तोंड मोडता मोडता लेबल दिसलं. हे पातळ न करता थेट शिरेतून गेलं तर हृदय बंद पडू शकतं. पोरीने ती फेकून दिली आणि बोर्डाच्या धास्तीने कुणालाच सांगितलं नाही. तीन दिवसांनी चहा घेताना बहिणीपाशी रडली. ते तीन दिवस ट्रे तसाच होता. वॉर्डाचा आकडा त्या महिन्यात शून्य, आणि मीटिंगमध्ये त्याबद्दल टाळ्या.

बाकीचे मुद्दे. 'जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही' हे वाक्य अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांच्या नावावर खपवलंय. तसं मानणं हा महागात पडणारा गैरसमज आहे, असं खुद्द डेमिंग यांनी लिहून ठेवलंय. त्यांच्या १४ सूत्रांतलं आठवं सूत्र कामाच्या जागेवरची भीती घालवा, हेच आहे. 'जपान धाकाने पुढे गेला' म्हणे. टोयोटाच्या लाइनवर साध्या कामगाराला अडचण दिसली की दोरी ओढायची मुभा असते. टीम लीडर धावत येतो आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. दोरी ओढली म्हणून पगार कापला असता तर कुणी हात लावला असता का तिला?

एक मान्य करतो. मानसिक सुरक्षिततेच्या, म्हणजे न घाबरता चूक सांगता येण्याच्या, नावाखाली काही कंपन्यांत दोन तासांचं सेशन आणि ग्रुप फोटो एवढंच होतं. आणि दारू पिऊन ड्युटीवर येणाऱ्याला, रेकॉर्ड खोडणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण पहाटे चारला सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्यूलमध्ये फसलेली मुलगी त्यांच्या रांगेत बसत नाही.

मोजू नका, असं कोण म्हणतंय? मोजा, पण कोणत्या पाळीत, कोणतं औषध, कोणत्या ट्रेमधून, हे मोजा. नोंदी अचानक आटल्या तर आधी काळजी करा.

बहिणीने लेखी अर्ज दिलाय: बोर्ड काढा, चूक नोंदवायच्या फॉर्मवरचा नावाचा रकाना काढा, पोटॅशियम वॉर्डाच्या ट्रेमधून हलवून कुलपात ठेवा. तिसरं त्याच दिवशी झालं. पहिल्या दोन्हींवर अजून उत्तर नाही.