हायडीच्या अंगावरचे दोन फ्रॉक

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. योहाना श्पिरी यांच्या 'हायडी' या स्विस कादंबरीवरच्या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या पहिल्या भागाला मी माझ्या लेखात दहापैकी नऊ गुण दिले, ते तुम्हाला पटले नाहीत. एक पोरगी डोंगर चढते, एवढंच त्यात घडतं, आणि दीडपट वेगाने पाहूनही तो भाग संपता संपत नाही, असं तुम्ही लिहिलंत. शिवाय हायडीची मावशी डेटे आणि तिच्या ओळखीची गावातली बार्बेल यांच्या बोलण्यातून पुस्तकात जी गोष्ट उलगडते ती इथे पातळ झाली आहे, आणि पुस्तकात नसलेला एक कुत्रा मालिकेत घुसडला आहे. शेवटी विचारलंत, किपलिंगच्या 'जंगल बुक'मधल्या मोगलीची सिवनी नागपूरच्या इतकी जवळ असताना मी स्वित्झर्लंडमध्ये काय शोधतेय?

आधी त्या चढणीबद्दल, कारण माझे नऊ गुण तिथलेच आहेत.

जून महिन्यातली लख्ख सकाळ. पाच वर्षांची मुलगी. अंगावर एकावर एक दोन फ्रॉक, वरून लाल शाल, पायात खिळे ठोकलेले जड बूट. एवढं का घातलं? तर मावशीला म्हणजे डेटेला तो दुसरा फ्रॉक हातात धरून न्यायचा नव्हता. योहाना श्पिरी यांनी तसं सरळ लिहिलंय. मावशीला फ्रँकफर्टला नोकरी मिळाली आहे, पोर आजोबांच्या दारात सोडायची आणि परतायचं. पोर म्हणजे पोचवायचं सामान, आणि त्या सामानाने स्वतःचं ओझं स्वतःच अंगावर घालून चालायचं! पुस्तकात हे एका वाक्यात येऊन जातं. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी ते वाक्य सोडलं नाही. ते त्या मुलीच्या घामासोबत चालत राहिले.

गेल्या मे महिन्यात नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी हा भाग मी पाच पोरांना दाखवला. बाहेर ४५ अंश, आत कूलर, आणि सबटायटल मी मराठीत वाचून सांगत होते. थोड्याच वेळात माझी सहा वर्षांची भाची म्हणाली, "मावशी, तिला उकडून राहिलं ना गं?" तिला कुणी काही सुचवलं नव्हतं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून बाहेर पडणाऱ्या पोट्ट्यांना ते सुचवावं लागत नाही. मग हायडीला शेळ्या घेऊन निघालेला अनवाणी पीटर दिसतो. आणि बूट जातात, मोजे जातात, शाल जाते, एक फ्रॉक, मग दुसरा फ्रॉक. आतल्या पांढऱ्या कपड्यांवर ती शेळ्यांमागे चढणीवर धावत सुटते. आमच्या खोलीत पाचही जण टाळ्या पिटत होते. तुम्ही घटना शोधत होतात ना सर? माझ्यासाठी ती हीच. एका मुलीने आपण कुणाचं तरी सामान असणं अंगावरून उतरवून गवतात ठेवलं.

लहानपणी यवतमाळहून लग्नाला येताना पिशवीत जागा नव्हती म्हणून आईने मला नव्या फ्रॉकवर आणखी एक फ्रॉक घातला होता. तिचाही इलाज नव्हता. पण नागपूरला गणेशपेठच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझ्या काखा घामोळ्यांनी पेटल्या होत्या. त्या प्रवासातलं मला एवढंच आठवतं. लग्न कुणाचं होतं, तेही आता सांगता येत नाही.

म्हणूनच गप्पा पातळ केल्याची तुमची तक्रार मला मान्य नाही. आजोबांनी जुगारात आणि दारूत शेत घालवलं, ते नेपल्सला सैन्यात गेले, मुलगा टोबियास अंगावर तुळई पडून मेला, मागोमाग सूनही गेली, हे सगळं पुस्तक आपल्याला वाटेतच सांगून टाकतं. वाचक वर पोचतो तो त्या माणसाची धास्ती घेऊनच. पण हायडीला यातलं काय ठाऊक असतं? मोठी माणसं डोक्यावरून बोलतात आणि पोरं शेळ्यांकडे बघतात. मालिका पोरीच्या उंचीवर उभी राहिली, म्हणून ते बोलणं आपल्यालाही तिच्याइतकंच ऐकू येतं.

वेगाबद्दल एक विनंती आहे. ही मालिका १९७४ साली आली, तिचे ५२ भाग आहेत. ती करण्याआधी ताकाहाता, दृश्यरचना करणारे हायाओ मियाझाकी आणि पात्रं रेखाटणारे योइची कोताबे स्वित्झर्लंडला जाऊन तो मुलूख पाहून आले होते. त्या उतारावरचा वारा, धाप लागल्यावरचं थांबणं, हे त्यांनी मोजूनमापून ठेवलंय. दीडपट वेगात नेमकं तेच गळतं.

सिवनीवर माझाही जीव आहे. आपल्या नळाला तिथल्या पेंच नदीचंच पाणी येतं. पण किपलिंगने मोगलीच्या गोष्टी लिहिल्या त्या अमेरिकेत, व्हरमाँटला बसून. आणि दूरदर्शनवरच्या ज्या मोगलीवर आपण सगळ्यांनी जीव टाकला, तोही जपान्यांनीच काढलेला. त्यात तर हिमालयातला लाल पांडा मोगलीचा सोबती होऊन फिरतो. भाचीने खवाशापलीकडचं सिवनीचं जंगल जिप्सीतून पाहिलंय, तिला ते आवडलंही. हायडीची चढण मात्र तिच्या अंगाला कळली. जवळचं काय आणि लांबचं काय, हे मी तिच्याकडे बघून ठरवलं.

कुत्र्याचं तुमचं बरोबर आहे. योसेफ हा भलाथोरला सेंट बर्नार्ड पुस्तकात नाही, आणि मी लेखात 'पुस्तकाशी तंतोतंत इमान' असं लिहून बसले होते. त्याने पोरं खूश होतात, पण आजोबांचं एकटेपण हलकं होतं. पुस्तकातला तो म्हातारा दोन शेळ्यांखेरीज कुणाचाच नाही. गावावर रुसलेला, देवावरही रुसलेला. हायडी येते तेव्हा ती त्या रिकाम्या झोपडीत येते, हे मोठं आहे. दारात आधीच एक माया लावणारं जनावर पहुडलेलं असेल, तर झोपडी तितकी रिकामी उरत नाही. मालिका पुढे सरकते तसा आजोबा आणि देव यांच्यातला दुरावाही फिका होत जातो, तोही मला खटकतो.

लेखातलं ते वाक्य आज काढून टाकलंय. एक गुण कापला होता, तो या कुत्र्यापायी, असं आता तिथे स्पष्ट लिहिलंय. उरलेले नऊ तसेच ठेवलेत.