ब्लू बुकची किंमत वजावटीत मिळत नाही

एका लेखात म्हटलंय की ३१ डिसेंबरआधी जुनी गाडी धर्मादाय संस्थेला दान करा आणि ब्लू बुकमधली (जुन्या गाड्यांच्या अंदाजे बाजारभावांची यादी) किंमत करपात्र उत्पन्नातून वजा करा. अमेरिकेत २००५ पासून असं सरसकट चालत नाही. संस्थेने गाडी लिलावात ९०० डॉलरला विकली तर वजावट ९०० चीच, मग ब्लू बुक ३,००० का दाखवेना. हा आकडा संस्थेकडून मिळणाऱ्या फॉर्म १०९८-सी (गाडी दानाचा दाखला) च्या ४सी रकान्यात येतो. गाडी ५०० किंवा त्याहून कमीला गेली तर बाजारभाव किंवा ५००, यातलं जे कमी ते. संस्था गाडी स्वतः वापरणार असेल, मोठी दुरुस्ती करणार असेल किंवा गरजू व्यक्तीला फुकट वा अगदी स्वस्तात देणार असेल, तरच बाजारभाव धरता येतो.

मुळात शेड्यूल ए (एकेक वजावट वेगळी दाखवायचा फॉर्म) भरणाऱ्यांनाच याचा उपयोग. २०२५ साठी एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शन (त्याऐवजी सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) ३१,५०० डॉलर आहे; एकेक वजावटींची बेरीज याहून जास्त झाली तरच शेड्यूल ए परवडतं. गृहकर्ज नसलेल्या बहुतेकांचं गणित तिथेच संपतं.

गाडी डिसेंबरात सोपवली आणि लिलाव जानेवारीत झाला तरी वजावट आधीच्याच वर्षाची. म्हणून टोइंगवाल्याची तारीखवार पावती जपा. १०९८-सी विक्रीनंतर ३० दिवसांत यायला हवा, त्याची बी प्रत रिटर्नला जोडायची. वजावट ५०० च्या वर असेल तर फॉर्म ८२८३ (वस्तूंच्या दानाचा तपशील) सुद्धा.

टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) घेणाऱ्याचं नाव कोरं सोडू नका! पुढच्या मालकाने नोंदणी केली नाही तर पार्किंगचे दंड तुमच्याच पत्त्यावर येतात. कॅलिफोर्नियात गाडी दिल्याचं डीएमव्हीला (तिथलं आरटीओ) ५ दिवसांत कळवावं लागतं.

भारतात परतताना गाडी देणाऱ्यांसाठी: संस्था अमेरिकेतलीच हवी, नाव आयआरएसच्या (अमेरिकेचं आयकर खातं) यादीत तपासा.